शांत वर्गाची ढाल

सोमवार, १० जून
शेवटी गुणांची कदर झाली. वरून सर्क्युलर आलंय: मुलांमधली आक्रमकता कमी करण्यासाठी प्रत्येक शाळेने या सत्रात एक प्रोग्रॅम राबवावा आणि रिपोर्ट पाठवावा. कोऑर्डिनेटर म्हणून स्टाफ मीटिंगमध्ये एकमताने माझी निवड झाली. मी स्वतः मीटिंगला नव्हतो. झेरॉक्सवाल्याला चार शब्द सुनवायला खाली गेलो होतो. म्हणजे माझ्या पाठीमागेसुद्धा सगळ्यांच्या तोंडी माझंच नाव. याला म्हणतात इमेज.

उपमुख्याध्यापक डिसेंबरमध्ये रिटायर होतायत. मी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त शिपायाला सांगितलं, त्यांच्या खुर्चीचा हात ढिला झालाय, आत्ताच ठोकून घे.

घरी सांगितलं. बायको हसली. इतकी, की तिला बसावं लागलं. बिचारीचा दिवस दातांच्या दवाखान्यात लोकांचं कण्हणं ऐकण्यात जातो, हसायचे प्रसंग कमीच. मुलीने विचारलं, नववीत शाळा बदलता येते का. ती आमच्याच शाळेत आहे. विनोदबुद्धी माझ्यावर गेलीय.

बुधवार, १२ जून
प्रोग्रॅमचं मॅन्युअल आलं. एकशे चाळीस पानं. कागदाचा भाव काय, हे लिहितायत किती. प्रस्तावना वाचली, शेवटचं पान वाचलं. मधलं कॉमन सेन्स असणार. मुलांना स्वतःच्या भावना ओळखायला शिकवा, दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघायला शिकवा, मोठ्यांनी आधी तसं वागून दाखवा, वगैरे. शेवटचा मुद्दा आमच्याकडे ऑलरेडी कव्हर आहे.

एक धडा निघाला कटकटीचा: मुलांमधूनच भांडणं सोडवणारे मध्यस्थ तयार करा. तो चित्रकलेच्या बाईंच्या गळ्यात मारला. बाई बोलक्या आहेत, रोज उशिरा येतात, त्यांना काहीतरी काम हवंच होतं.

नाव ठरलं: उपक्रम हिमनग. थंड आणि भव्य. बाई म्हणाल्या, सर, हिमनगावर आपटून जहाजं बुडतात ना. मी म्हटलं, बाई, तुम्ही रंग बघा. हे मी हसत म्हटलं. टेबलावर मूठ आपटली ती लय साधायला.

शुक्रवार, २१ जून
घोर निराशा. 'आधी' आणि 'नंतर' असे आकडे द्यायचेत, म्हणून सगळ्या शिक्षकांना आठवडाभर भांडणं मोजायला लावली होती. आकडा आला दोन. पाचशे मुलांची शाळा आणि आठवड्यात दोन भांडणं! त्यातलं एक तर स्टाफरूममधलं, पंख्याखालच्या खुर्चीवरून. ते माझं आणि पीटीच्या सरांचं, म्हणजे ते भांडण नव्हेच, चर्चा होती.

दोनाचं एक करून दाखवलं तर कोण टाळ्या वाजवणार? रोगीच नाही तर डॉक्टरने जावं कुठे? व्याख्या रुंदावली. ढकलणं, चिमटा, वेणी ओढणं, पेन्सिल परत न देणं, रोखून बघणं, सगळं आक्रमकतेत घेतलं. पुन्हा मोजायला सांगितलं.

शुक्रवार, २८ जून
तीनशे बारा. मुख्याध्यापिका बाईंचा चेहरा पांढरा पडला. आता कुठे कामात दम आला.

सोमवार, १ जुलै
पहिलं सेशन, नववी ब. विषय: राग आला की थांबा, श्वास घ्या, दहापर्यंत मोजा. वर्गात गोंगाट. तीनदा म्हटलं, शांत बसा. चौथ्यांदा म्हटल्यावर शेजारच्या दोन वर्गांतले शिक्षक बाहेर आले आणि तळमजल्यावरचा शिपाई वर आला. रागावलेला आवाज कसा असतो याचं प्रात्यक्षिक म्हणून मी तो मुद्दाम काढला होता. नंतर घाम पुसला, तोही प्रात्यक्षिकाचाच भाग.

मग नाटुकलं. पहिलीपासून एका बाकावर बसणारी दोन मुलं पुढे बोलावली. एकाला म्हटलं, तू याची वही फाडलीस असं समज. दुसऱ्याला म्हटलं, तू चिडलायस असं समज. समजता समजता प्रकरण बरंच पुढे गेलं. दोघं आता वेगवेगळ्या बाकांवर बसतात. रिपोर्टमध्ये लिहिलं: अनुभवातून शिक्षण.

मागून एकाने विचारलं, सर, दहा मोजून झाले आणि राग तसाच असला तर? मी म्हटलं, वीसपर्यंत मोज. तो म्हणाला, आणि तेवढ्यात समोरच्याने लगावली तर? त्याला वर्गाबाहेर उभं केलं. प्रश्नात आक्रमकता होती.

सोमवार, ८ जुलै
मधल्या सुट्टीत कानावर आलं, मुलं मला 'कुकर' म्हणतात. छान वाटलं. कमी वेळ, कमी इंधन, काम फत्ते. पीटीच्या सरांना नुसतं 'भोंगा' म्हणतात. मुलं पारखी असतात.

बायकोला सांगितलं. ती भांडी विसळत होती. तिने नळ तेवढा मोठा सोडला.

गुरुवार, ११ जुलै
चित्रकलेच्या बाईंनी मध्यस्थ निवडले. त्यात आमची कन्या. मला विचारलंही नाही. बाई म्हणाल्या, तिला माणसांचा अंदाज पटकन येतो. येणारच, रक्त कुणाचं.

रात्री जेवताना रिमोट सापडेना. ज्या घरात तीन माणसं आणि एक रिमोट, तिथे तो हरवतोच कसा, एवढंच मी विचारलं. कुठे ठेवता, कशाला ठेवता, डोकी कुठे ठेवता, असे त्याला धरून काही पोटप्रश्न. मुलीने चमचा खाली ठेवला आणि विचारलं, बाबा, तुम्हाला आत्ता नेमकं काय वाटतंय? मी म्हटलं, भूक. तर म्हणे, भूक ही भावना नाही. या बाई पोरांना काय काय शिकवतायत ते बघितलं पाहिजे. रिमोट माझ्या मांडीखाली निघाला. कुणी ठेवला, देव जाणे.

सोमवार, १५ जुलै
आज सुचलेली कल्पना मॅन्युअलवाल्यांना आयुष्यात सुचली नसती. शांत वर्गाची ढाल! प्रत्येक वर्गाला शंभर मार्क. एका भांडणाला पाच वजा. सर्वांत शांत वर्गाला चकचकीत ढाल, शिक्षण कार्यालयातल्या साहेबांच्या हस्ते. मुलांना शांतता नको असते, पण ढाल हवी असते. हे मानसशास्त्र.

मंगळवार, २३ जुलै
ढालीचा परिणाम जबरदस्त. शाळेत इतका उत्साह कधी बघितला नव्हता. दहावी अ ची चार मुलं रोज मधल्या सुट्टीत नववी ब च्या दारात उभी राहून त्यांच्या आयांची चौकशी करतात, म्हणजे नववी ब ने मारावं आणि त्यांचे पाच मार्क जावेत. नववी ब मारत नाही, बाहेर गेटवर बघून घेते, कारण गेटबाहेरचं मोजत नाहीत. आठवी क ने सातवी अ वर दोन हेर सोडलेत. आपलं भांडण आपसात मिटवून बाहेर चकार शब्द जाऊ द्यायचा नाही, अशी शपथ सहावी ब ने घेतली. याला म्हणतात वर्गातली एकजूट.

पीटीचे सर म्हणाले, अहो, पोरं ढालीवरून एकमेकांची डोकी फोडतील. मी म्हटलं, भोंगा जरा कमी करा. ते 'कोणता भोंगा' म्हणाले. मग थोडी चर्चा झाली.

शुक्रवार, २६ जुलै
नवा नियम लावला: जो हात उगारेल तो पंधरा दिवस घरी. कारण ऐकलं जाणार नाही. नोटिशीखाली लाल शाईने लिहिलं, मग तो कुणाचाही मुलगा असो. चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, मॅन्युअलमध्ये... मी म्हटलं, मॅन्युअल मी कोळून प्यायलोय.

शुक्रवार, २ ऑगस्ट
ढाल वितरण. हॉल गच्च. साहेब वेळेवर आले, खुर्चीत नीट बसले, माणूस समजूतदार वाटला. मी माइकवर. भाषणाचा विषय: संयम. तिसऱ्या वाक्याला माइकने दगा दिला. मी साउंडवाल्याला स्टेजवरूनच दोन गोष्टी समजावल्या, आणि माइक नेमका त्याच क्षणी सुरू झाला.

हॉल चिडीचूप. आणि त्या शांततेत दहावी अ मधून कुणीतरी कुकरची शिट्टी काढली. एक लांब, आणि मागोमाग वाफ सुटल्याचा फुस्स. अख्खा हॉल हसला. साहेबही हसले. मी हात वर करून अभिवादन स्वीकारलं.

मग मुलींच्या रांगेतून एक मुलगी उठली. शांतपणे चालत दहावी अ पर्यंत गेली आणि हातातली स्टीलची बाटली शिट्टीवाल्याच्या कपाळावर मारली. भुवईवर तीन टाके. तिथून पुढे दहावी अ नववीवर, नववी ब दहावीवर, आठवी क मिळेल त्यावर. ढाल गर्दीत कुणाच्या तरी पायाखाली गेली. साहेबांना पीटीच्या सरांनी मागच्या दाराने बाहेर काढलं. पुढेपुढे करायची सवय, दुसरं काय.

मुलगी आमची होती.

शनिवार, ३ ऑगस्ट
रिपोर्ट लिहिला. 'कार्यक्रमात उत्स्फूर्त सहभाग. एका विद्यार्थिनीच्या हातून पाण्याची बाटली घसरून एकास किरकोळ इजा.'

मुलगी कालपासून बोलत नाही. मीही फार बोललो नाही. जे बोललो ते शेजाऱ्यांनी ऐकलं असं बायको म्हणते. बायकोला रिपोर्ट वाचून दाखवला. तिने विचारलं, बाटली सहा रांगा ओलांडून घसरली का?

माझा मुद्दा साधा आहे. पंधरा दिवसांचा नियम मुलांच्या भल्यासाठी आहे. आपल्या मुलीच्या भल्यासाठी तो नाही.

रविवार, ४ ऑगस्ट
शिट्टीवाल्याच्या घरी गेलो, बायकोसह. वडील शाळेची व्हॅन चालवतात. खोली लहान, पण नीटनेटकी. मुलगा पट्टी बांधून कोपऱ्यात बसलेला. त्याची आई पाणी घेऊन आली. वडील म्हणाले, सर, तक्रार वगैरे आम्हाला करायची नाही, पोरं आहेत. तुमच्या मुलीने एकदा सॉरी म्हटलं की झालं, आणि आमचाही म्हणेल.

एवढ्यावर मिटवून उठायला हवं होतं, असं बायको आता म्हणते. पण तत्त्वाचा प्रश्न होता. मी समजावलं की बाटली घसरली होती, घसरलेल्या वस्तूबद्दल सॉरी कसलं. ते म्हणाले, सर, पाचशे लोकांनी बघितलंय. मी म्हटलं, म्हणजे मी खोटं बोलतोय? ते म्हणाले, मी तसं म्हटलं नाही. मी म्हटलं, म्हटलं नाही म्हणजे मनात आहे. बायकोने माझा दंड धरून मला बाहेर आणलं. दारात त्यांची स्कूटर होती. तिला माझा पाय लागला. स्कूटर पडली, अंगठा सुजला.

घरी अंगठ्याला बर्फ लावताना बायको म्हणाली, घसरला असेल.

सोमवार, ५ ऑगस्ट
मुख्याध्यापिका बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझा रिपोर्ट. म्हणाल्या, तुमची मुलगी सकाळी येऊन गेली. म्हणाली, बाटली घसरली नाही, मी मारली. नियमाप्रमाणे मला घरी पाठवा.

मी तिच्या वयाचा असताना इतका आगाऊ नव्हतो.

म्हटलं, बाई, पंधरा दिवस म्हणजे तिची चाचणी बुडेल. त्या म्हणाल्या, घरी नाही पाठवणार. मारामारी केली म्हणून मुलांना घरी बसवू नका, त्याने मुलं आणखी तुटतात, असं मॅन्युअलमध्येच लिहिलंय, तुम्ही कोळून प्यायलात ना. त्याऐवजी बुधवारी दोन्ही मुलांना मध्यस्थांपुढे समोरासमोर बसवायचं. दोन्हीकडचे पालक हजर.

मी म्हटलं, कोऑर्डिनेटर म्हणून मी असेनच. त्या म्हणाल्या, कोऑर्डिनेटर आजपासून चित्रकलेच्या बाई. तुम्ही पालक म्हणून या. मग म्हणाल्या, आणि सल्लागार म्हणून राहा.

सल्लागार. तसं बघितलं तर वरचीच पोस्ट.

बुधवार, ७ ऑगस्ट
बैठक चित्रकलेच्या खोलीत. बुटकी स्टुलं, गुडघे हनुवटीला. समोर व्हॅनवाले, त्यांनी नमस्कार केला, माझ्या अंगठ्याची चौकशीही केली. बाई नेहमीप्रमाणे उशिरा आल्या आणि मागे जाऊन बसल्या. बोलायचं काम मध्यस्थाचं. दहावीतली एक चष्मेवाली मुलगी. नियम: एकाचं बोलून संपेपर्यंत दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही. मी फक्त दोनदा उघडलं. ती म्हणाली, सर, तुमची पाळी अजून आलेली नाही. तिला रसायनशास्त्र मीच शिकवतो.

शिट्टीवाला म्हणाला, सगळे काढतात, मी जरा चांगली काढतो, म्हणून सगळे मलाच सांगतात. टाके दुखत नाहीत आता. पण बहिणीला वाटतं डोळा गेला, ती रडते. शेवटी सॉरी म्हणाला. माझ्याकडे बघून.

मुलगीही सॉरी म्हणाली. चष्मेवालीने विचारलं, तेव्हा तुला नेमका कशाचा राग आला होता? मी उत्तराची वाटच बघत होतो. बापाचा अपमान कुठल्या मुलीला सहन होईल?

ती म्हणाली, मला याचा राग नव्हता आला. शिट्टी हुबेहूब होती, म्हणून आला.

मग बरंच बोलली. माझ्याकडे न बघता, नखं कुरतडत. म्हणाली, संध्याकाळी दारात बाबांच्या किल्लीचा आवाज आला की मी पुस्तक उघडते. आई टीव्ही बंद करते. मग आम्ही दोघी बाबांचा चेहरा बघतो आणि आज बोलायचं की नाही ते ठरवतो. शाळेत हे कुणाला माहीत नाही असं मला वाटत होतं. सगळे हसले तेव्हा कळलं, सगळ्यांना माहीत आहे.

मला वाटायचं, मुलगी अभ्यासू आहे आणि बायकोला टीव्हीची आवड नाही.

बायको स्वतःच्या पर्सच्या चेनशी खेळत होती. व्हॅनवाल्यांनी भिंतीवरच्या चित्राकडे नजर वळवली, एका फळाच्या चित्राकडे, इतक्या लक्षपूर्वक, की मला त्यांचा राग यायला हवा होता. चष्मेवाली म्हणाली, सर, आता तुम्ही बोला.

मी म्हटलं, किल्ली जुनी आहे, आवाज करते.

गुरुवार, ८ ऑगस्ट
नीट विचार केला. प्रॉब्लेमचं मूळ शोधलं की तोडगा सापडतो, हे विज्ञान. शाळेतून येताना तेलाची छोटी बाटली आणली. कुलपात घातलं, बिजागऱ्यांना घातलं. दहा-बारा वेळा किल्ली फिरवून बघितली. लोण्यासारखं कुलूप. बायकोने जमिनीवर सांडलेलं तेल पुसलं.

मी आज कुणावरही ओरडलो नाही. शिपायावर सोडून. आणि एकदा सिग्नलला.

शुक्रवार, ९ ऑगस्ट
संध्याकाळी किल्ली फिरवली. आवाज शून्य. दार आपसूक उघडलं.

मुलगी खिडकीत पाय वर घेऊन बसली होती, फोनवर मैत्रिणीशी बोलत होती. हसत होती. मान मागे टाकून, घशातून, तिच्या आईसारखी. अशी हसते हे मला माहीत नव्हतं. बायको टीव्हीसमोर, मांडीवर बिस्किटांचा डबा. कुठलीतरी गाण्याची स्पर्धा चालू होती आणि ती सोबत गुणगुणत होती. मी बूट न काढता तसाच उभा राहिलो. बरं वाटत होतं. आपलंच घर, पण कुणाकडे तरी पाहुणा म्हणून आल्यासारखं.

मग बायकोचं लक्ष गेलं. तिने रिमोट शोधायला सुरुवात केली. तिला तसं करताना बघून मुलगी वळली. दचकली. फोन हातातून सुटून फरशीवर पडला, काचेला आडवा तडा.

मी काही बोललो नाही. खरंच नाही बोललो. बोलायचं मनातही नव्हतं. तरी ती म्हणाली, सॉरी बाबा. फोन तिचा, तडा तिच्या फोनला, आणि सॉरी मला.

नंतर पाण्याचा ग्लास घेऊन आली. जरा लांबच उभी राहिली. म्हणाली, बाबा, एक विचारू, रागावणार नाही ना. कुलपातलं तेल काढता येतं का? आवाज होता तेच बरं होतं. निदान कळायचं.

उद्यापासून बाहेरूनच हाक मारीन, आलोय म्हणून. हळू आवाजात. हळू म्हणजे किती, ते बायकोला विचारून घ्यायला हवं.